मागच्यांची ओळ कोणी खोडली?

मागील वर्षी उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीचे काम आमच्याकडे आले होते. एम.ए.चा वर्ग, मध्ययुगीन मराठी वाङ्मयाची प्रश्नपत्रिका, आणि प्रश्नही वर्षानुवर्षे चालत आलेला : अभंग या रचनाप्रकाराची वैशिष्ट्ये सांगा. गुण दहा. एका विद्यार्थिनीने मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही अक्षरे नीट मोजून दाखवली होती, लहान अभंगाची आठ-आठही सांगितली होती. पुढे मात्र तिने जे लिहिले ते कोणत्याही मार्गदर्शकात सापडणारे नव्हते. तिचे म्हणणे असे की, अभंगाची धृपदाची ओळ मागच्यांची असते. ती पुन्हा पुन्हा म्हटली जाणार हे रचणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून प्रत्येक कडव्याला ती चिकटेल अशा बेताने त्याला ती बांधावी लागते. पहिल्या परीक्षकाने 'मागच्यांची' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले होते आणि दहापैकी चार गुण दिले होते. नमुना उत्तरात अपेक्षित शब्द होते : आत्मनिष्ठ भावकाव्य, भक्तिगीत, समूहगानास अनुकूल रचना.

आमचे भांडण त्या परीक्षकाशी नाही. तेही आमच्यासारखेच शिकले आणि आमच्यासारखेच शिकवतात. भांडण आहे ते त्या नमुना उत्तरातल्या शब्दांशी, आणि ते शब्द नमुना म्हणून मिरवू देणाऱ्या आपल्या सर्वांच्या सवयीशी.

'समूहगान' हा शब्द आधी घेऊ. शाळेच्या पटांगणावर पंधरा ऑगस्टला मुले रांगेत उभी राहून देशभक्तीपर गीत म्हणतात, ते समूहगान. तेथे सारे जण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच गोष्ट एकाच वेळी म्हणतात. कोणी पुढचा नाही, कोणी मागचा नाही. कोणी थांबत नाही, कोणी उचलत नाही. तो प्रकार त्याच्या जागी उत्तम आहे आणि त्याला ते नावही शोभते. पण भजन हे समूहगान नव्हे. भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगा करून उभे राहतात. विणेकरी अभंग लावून देतो, एक रांग चरण म्हणते, दुसरी तो झेलते, मृदंगी दोहोंचा हिशेब ठेवतो, आणि धृपदावर सगळे एकत्र येतात. म्हणजे येथे समूह नावाची एकजिनसी वस्तू नसतेच. असते ती कामांची वाटणी. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या चालतात असे आपण वर्तमानपत्रांतून दर आषाढीला वाचतो. त्या प्रत्येक दिंडीत पताका कोठे, टाळकरी कोठे, मृदंगी कोठे, वीणा कोठे, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका कोठे, हे ठरलेले असते. आणि चोपदाराने चोप उंचावला की शेकडो टाळ एका क्षणात गप्प होतात. या रचनेला 'समूहगान' म्हणणे म्हणजे बुद्धिबळाच्या पटाला 'लाकडी ठोकळे' म्हणण्यासारखे आहे. चूक काही नाही, पण हाती काही लागत नाही.

वारकऱ्यांपुरतीच ही गोष्ट नाही. शाहिराच्या मागे झिलकरी असतो. शाहिराने ओळ सोडली की तो झील धरतो, आणि त्याच्या उंच सुराने शाहिराला श्वास घ्यायला जागा मिळते. तमाशात सूर धरून ठेवणारा सुरत्या निराळा. गोंधळ्याच्या मागे संबळ आणि तुणतुणे निराळे. कीर्तनकार निरूपण करता करता वाक्य अर्धे सोडतो आणि मागचे ते अभंगाच्या चरणाने पुरे करतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला 'साथसंगत' हा शब्दही तोकडा वाटेल. आणि ज्याला आपण संस्था म्हणतो तिला मराठीत 'फड' हा केवढा दणकट शब्द आहे! वासकरांचा फड, देहूकरांचा फड. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड. अनेक माणसे घाम गाळून एक काम तडीस नेतात ती जागा म्हणजे फड, हा अर्थ या साऱ्यांत समान आहे. 'वृंद' या शब्दाला असला घाम येत नाही. 'दिंडी' तर त्याहून नवलाची. ती वारकऱ्यांची तुकडी आहे आणि संगीत नाटकांतून आपल्याला परिचित असलेले एक वृत्तही आहे. म्हणजे गाणाऱ्यांचे आणि गाण्याचे नाव एकच. हे विद्यार्थ्यांना वर्गात किती जण सांगतात?

आता एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. हे शब्द मराठीतून गेले असे नाही. ते शिव्या होऊन राहिले आहेत. एखादा दुसऱ्याचेच म्हणणे पुन्हा सांगू लागला की आपण म्हणतो, तो अमक्याची री ओढतो. कोणी एकच तक्रार वारंवार केली की त्याचे तेच पालुपद. कोणी आपल्याच विषयावर बोलत राहिला की त्याचे तुणतुणे. निष्ठेने भजनाला जाणारा तो टाळकुट्या. पुढाऱ्याच्या पाठीमागे उभा राहणारा तो त्याचा झिलकरी. शब्दकोशाच्या एका कोपऱ्यात बसून पाहिले तर ध्यानात येते की, मागे उभे राहून गाणे या कृतीची जवळजवळ प्रत्येक खूण आपल्या लेखी मराठीने लाचारीची किंवा कंटाळवाणेपणाची खूण करून ठेवली आहे. पालुपद म्हणजे मुळात गाण्याचा आधार, ज्यावर प्रत्येक कडवे परत येऊन टेकते. ते कंटाळवाणे कोणाला वाटले? ज्याने ते गायले नाही, नुसते वाचले, त्याला. एकट्याने, मनात, कागदावर वाचणाऱ्या माणसाला पुनरुक्ती खटकणारच. असा वाचक एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आणि नव्या शाळांबरोबर तयार झाला आणि पुढे तोच समीक्षक, प्राध्यापक व परीक्षक झाला, असे आम्हांस वाटते. आम्हीही त्याच वंशातले, म्हणून हे लिहिताना हात थोडा आखडतो.

या वाचकाने केवळ शब्दच बिघडवले असते तरी एक वेळ चालले असते. पण त्याने संहितेलाही हात घातला. तुकोबांच्या गाथेची 'इंदुप्रकाश'ने छापलेली प्रत शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. तिच्याच आधाराने सरकारने १९५० साली त्रिशताब्दीच्या निमित्ताने गाथा काढली, तिच्यात ४६०७ अभंग आहेत. ही सरकारी गाथा आपल्या बहुतेकांच्या कपाटात असते. ती उघडून कोणतेही पान पाहावे. पहिल्या कडव्यापुढे एकचा आकडा आहे. दुसऱ्यापुढे बहुतेक ठिकाणी दोनचा आकडा नाही, दोन दंडांमध्ये 'ध्रु.' हे अक्षर आहे. मग तिसऱ्यापुढे दोन. या एवढ्याशा 'ध्रु.'चा अर्थ असा की ही ओळ मोजणीत धरायची नाही, कारण ती एकदा येऊन जाणारी ओळ नाही. ती परत परत येणार आहे. छापील कागदावर गाणाऱ्यांच्या घोळक्यासाठी राखून ठेवलेली ती जागा आहे.

आता शाळा-महाविद्यालयांसाठी तयार होणारे वेचे पाहावेत. आमच्या वर्गात जी संकलने येतात त्यांतल्या कित्येकांत तो 'ध्रु.' गळालेला असतो. कडव्यांना सरळ एक, दोन, तीन, चार असे आकडे घातलेले असतात, किंवा आकडेही काढून आधुनिक कवितेसारख्या मोकळ्या ओळी मांडलेल्या असतात. एका अभ्यासमंडळाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले की, विद्यार्थ्यांना ते चिन्ह समजत नाही आणि पानावर ते दिसायलाही बरे दिसत नाही. ज्या विद्यार्थ्यांच्या गावी दर एकादशीला भजन होते त्यांना ते समजत नाही, हा शोध आम्हांला नवा होता.

तुलनेसाठी एक उदाहरण देतो. बायबलातील स्तोत्रसंहितेत 'सेला' असा एक शब्द ७१ ठिकाणी येतो. तो गाणाऱ्यांसाठी किंवा वाजवणाऱ्यांसाठी असलेली काही सूचना असावी असे मानतात; नेमका अर्थ आज कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. तरीही भाषांतरकारांनी तो टाकला नाही. मराठी पवित्र शास्त्रातही तो कंसात जसाच्या तसा छापलेला आढळतो. अर्थ हरवला तरी खूण ठेवायची, कारण ती गाणाऱ्यांची खूण आहे, एवढा आदर तेथे दिसतो. आणि आपण? ज्या खुणेचा अर्थ तालुक्याच्या गावातला कोणताही टाळकरी क्षणात सांगेल, ती आपण पानाच्या शोभेसाठी पुसून टाकतो.

'ध्रु.' पुसल्याने काय बिघडले, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे की, त्यामुळे अभंगातला 'मी' बदलला. कागदावर एकट्याने वाचलेला 'मी' हा कवीचा 'मी'. मग त्याच्या आत्मनिष्ठेची, व्याकुळतेची, चरित्राची चर्चा ओघाने आली. पण वीस माणसे टाळ घेऊन तोच 'मी' म्हणू लागली की तो कोणाचा? तो प्रत्येकाचा होतो, आणि शेवटी नाममुद्रा येते तेव्हा तीच वीस माणसे त्या 'मी'पासून एक पाऊल मागे सरून तुका असे म्हणतो, नामा असे म्हणतो, असे तिसऱ्या पुरुषात सांगतात. पहिल्या पुरुषातून तिसऱ्या पुरुषात होणारी ही ये-जा अभंगाच्या रचनेचा प्राण आहे. भावकाव्याच्या मोजपट्टीला ती दिसत नाही. तिला नाममुद्रा म्हणजे कवीची सही वाटते.

याहून मोठा पुरावा खुद्द तुकोबांचा आहे, आणि तो आपण सगळे दर वर्षी शिकवतो. ज्या आत्मपर अभंगात तुकोबा आपली जात, व्यवसाय, दुष्काळ, घरातले मृत्यू आणि देवळाची दुरुस्ती हे सारे क्रमाने सांगतात, त्यातच ते सांगतात की आरंभी आपण एकादशीला कीर्तन करू लागलो तरी अभ्यासात चित्त नव्हते. मग संतांची काही वचने पाठ केली, आणि जे पुढे गात त्यांचे धृपद आपण मन शुद्ध करून धरू लागलो. मराठीतल्या सर्वांत मोठ्या कवीने आपल्या घडणीच्या हकिगतीत मागे उभे राहून गाण्याला ही जागा दिली आहे. आम्ही मात्र त्या अभंगातून दुष्काळ शिकवतो, वैराग्य शिकवतो, जातीचा उल्लेख शिकवतो, आणि धृपदाच्या ओळीशी आलो की 'म्हणजे ते भजनात भाग घेऊ लागले' असे म्हणून पुढे जातो. त्या उत्तरपत्रिकेतल्या मुलीचा 'मागच्यांची' हा शब्द कोठून आला असेल? तुकोबा ज्यांना पुढे गाणारे म्हणतात, त्यांच्या मागे कोणीतरी असणारच ना!

शिवाय परंपरा तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे सांगते, आणि त्यांतल्या गंगाराम मवाळ व संताजी तेली यांना ती अभंगांचे लेखकही मानते. चौदा या आकड्याबद्दल कोणाला शंका घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी. पण धृपद धरणारा आणि वही धरणारा एकच, ही समजूत समाजाने तीन शतके जपली, ती उगीच नव्हे.

'भक्तिगीत' या शब्दाकडे वळू. हा शब्द 'भावगीता'चा धाकटा भाऊ आहे. ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्या घरात तो वाढला. एक गायक, एक संगीतकार, तीन-चार मिनिटांचा अवधी. त्या घरात त्याने उत्तम गाणी दिली, हे आम्ही मुळीच नाकारत नाही. परंतु आज तो मागे सरकत सरकत तेराव्या शतकापर्यंत पोहोचला आहे आणि वाटेतली सगळी नावे त्याने गिळली आहेत. पूर्वी पवित्र गाण्याचे नाव ते कधी म्हणायचे हेही सांगत असे. भूपाळी आणि काकडा पहाटेचा, हरिपाठ सायंकाळचा, शेजारती रात्रीची. पाळणा जन्मोत्सवाचा. गवळण काल्याच्या आसपास रंगायची. भारुडाला सोंग हवे. विराणी एकटीची. या नावांत वेळ होती, जागा होती, अंगविक्षेप होता. 'भक्तिगीत' या नावात फक्त विषय उरला, आणि विषय कोणत्याही वेळी, कोणत्याही खोलीत, कानाला यंत्र लावून ऐकता येतो. भीमसेन जोशींच्या 'संतवाणी'त माउली टाकळकर टाळ घेऊन बसत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. एवढ्या मोठ्या स्वराच्या पाठीशी एक टाळ हवाच, हे त्या थोर गायकाला कळत होते. समीक्षेला अजून कळायचे आहे.

येथे काही वाचक खुश होऊन म्हणतील की, हे लोक परंपरेच्या बाजूने बोलत आहेत. त्यांना थोडे थांबवणे जरूर आहे. हे शब्द कोणा एका संप्रदायाची मिरास नाहीत. जोतीराव फुल्यांनी आपल्या पद्यरचनांना अभंग न म्हणता 'अखंड' म्हटले. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच : न तुटणारे. घाट ओळखीचा ठेवला, नाव बदलले, आणि तेवढ्याने रचनेचा देव बदलला. नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी या एका शब्दावर महिनाभर विचार करावा. सत्यशोधकांनी तमाशाच्या फडाचा जलसा केला. पुढे भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, आणि वामनदादा कर्डकांच्या काळात गावोगाव गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. 'पार्टी' हा इंग्रजी शब्द आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्यांनी तो घेतला त्यांनी त्यात पेटीवाला, ढोलकीवाला आणि कोरस धरणारे अशी माणसे भरली. तो मराठी झाला. मात्र विद्यापीठीय वर्गीकरणात त्यांच्या गीतांच्या कपाळी 'प्रबोधनपर गीते' असा शिक्का बसतो आणि 'भक्तिगीत' हे आसन दुसऱ्यांसाठी राखून ठेवले जाते. चौदा एप्रिलच्या रात्री ती गाणी ज्या भावनेने उचलली जातात ती पवित्र नव्हे, हा निर्णय कोणी दिला?

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठी चर्चला मराठी पदे-अभंग दिले. ती उपासनेत मंडळी आजही एकत्र म्हणतात. बेने इस्रायलांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातल्या कथांवर मराठीतून कीर्तने उभी केली. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये ओवीतच छापले गेले. म्हणजे ज्याला ज्याला मराठीत माणसे जमवून देवाविषयी बोलायचे होते, त्याने हीच अवजारे हाती घेतली. आणि जात्यावरच्या ओवीला तर संस्थेचे नावच नाही. दोन बायका समोरासमोर बसतात, एक ओवी सांगते, दुसरी ती उचलते. त्या जोडीला फड नाही, मंडळ नाही, पार्टी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने अशा लाखभर ओव्या जमा झाल्या. पण दुसऱ्या बाजूने खुंटा धरणाऱ्या त्या बाईला आपल्या समीक्षेत काय म्हणायचे, हे आम्हांलाही अजून सुचलेले नाही.

शेवटचा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात की, तौलनिक अभ्यासाला सामान्य संज्ञा लागते. प्रत्येक गावाचा शब्द घेऊन बसलो तर शास्त्र कसे होणार? हे आम्हांला मान्य आहे, पण अर्धेच. सामान्य संज्ञा हवी ती विशेष शब्दांची बेरीज करून, त्यांची हकालपट्टी करून नव्हे. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले. त्यातली ब्राह्मणांची झुलती, गाती रांग कोकणातल्या खेळ्यांच्या अंगाने उभी राहिली होती. आपण तिला 'कोरस' म्हणून थेट ग्रीकांकडे नेऊन बसवले. ग्रीक कोरसशी तुलना जरूर करावी. मात्र आधी खेळे पाहावेत. एका हाताला वस्तूच नसेल तर तुलना कसली होणार?

पाठ्यपुस्तकांच्या संपादकांकडे आमचे मागणे फार नाही. अभंग छापताना 'ध्रु.' ज्या ओळीपुढे गाथेत आहे त्या ओळीपुढे छापावा. शब्दार्थांच्या यादीत 'धृपद'पुढे नुसते 'ध्रुवपद' असे लिहून मोकळे होऊ नये. ते कोण धरतो हेही सांगावे. आणि वर्गात एकदा तरी अभंग मोठ्याने म्हणावा, अर्ध्या बाकांनी चरण घ्यावा, अर्ध्यांनी धृपद. आम्ही हा प्रयोग करून पाहिला. पहिल्या खेपेला हसू आले, दुसऱ्या खेपेला मागच्या बाकावरच्या एका मुलाने आमची चाल चुकते आहे असे सांगितले, आणि ती खरोखरच चुकत होती. तो मुलगा वर्षभर वर्गात एक अक्षर बोलला नव्हता.

त्या उत्तरपत्रिकेतली तांबडी रेघ नियमाप्रमाणे आम्हांला खोडता आली नाही. तिच्याशेजारी हिरव्या शाईने आम्ही 'उत्तर बरोबर' असे लिहिले आणि चाराचे आठ केले.